आधी वाचायचं, मग दाबायचं: चौथी-पाचवीच्या मुलांना अँटिव्हायरस बसवायला आणि अपडेट करायला शिकवताना

दोन वर्षांपूर्वी स्नेहसंमेलनाचे फोटो छापून आणायला आमच्या शाळेचा पेनड्राइव्ह एका झेरॉक्सच्या दुकानात गेला आणि दुसऱ्या दिवशी परत आला. पाचवीतल्या एका मुलाने तो लॅबमधल्या तीन नंबरच्या मशीनला लावला. फोल्डर सगळे जागेवर दिसत होते. फक्त प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक छोटा बाण आला होता आणि आकार बघावा तर प्रत्येक फोल्डर जेमतेम एक-दोन केबीचा. “बाई, फोटो उघडंना झालेत,” म्हणत त्याने तोच पेनड्राइव्ह चार नंबरला लावून बघितला, मग पाचला. शनिवारची सकाळची शाळा सुटेपर्यंत आठपैकी सहा मशीनना लागण झाली होती.

सगळे ज्याला ‘शॉर्टकट व्हायरस’ म्हणतात तो हा. खरे फोल्डर तो लपवून ठेवतो, त्यांच्याच नावाचे खोटे शॉर्टकट समोर मांडतो आणि कोणी त्यावर डबल क्लिक केलं की आपली एक प्रत मशीनमध्ये सोडतो. फोटो पुढे सगळे मिळाले. मला लागून राहिली ती दुसरीच गोष्ट. सहाही मशीनवर अँटिव्हायरस होता. त्याचं शेवटचं अपडेट आठ महिन्यांपूर्वीचं होतं. आणि त्या मुलाची तर काहीच चूक नव्हती, त्याला हे कोणी कधी सांगितलंच नव्हतं.

तेव्हापासून मी दरवर्षी चौथी-पाचवीला हा विषय पाच-सहा तासांत शिकवते. ज्या शिक्षकांना किंवा पालकांना हे पहिल्यांदाच करायचं आहे त्यांच्यासाठी माझी पद्धत इथे क्रमाने लिहिते. एक गोष्ट आधीच सांगते. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला अँटिव्हायरस बसवण्याच्या पायऱ्या पाठ करून घेऊ नका. पुढच्या वर्षी त्या पायऱ्या बदलतात, खिडक्यांचे रंग बदलतात. पडद्यावर आलेली ओळ वाचल्याशिवाय बोट हलवायचं नाही, एवढी एक सवय त्याला लागली पाहिजे. ती सवय मुलांना मोठ्यांपेक्षा लवकर लागते, कारण त्यांना आपल्यासारखी घाई नसते.

मुलं लॅबमध्ये येण्याआधी

ही तयारी शिक्षकाची. एका निवांत दुपारी बसा आणि प्रत्येक मशीनवर नंबरची चिठ्ठी चिकटवा. मग विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबून, येणाऱ्या चौकोनात इंग्रजीत ‘विनव्हर’ (winver) टाइप करा. मशीनवर कोणतं विंडोज आहे ते कळतं. विंडोज ७ असेल तर मायक्रोसॉफ्टने त्याचा आधार, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या पाठवणं, १४ जानेवारी २०२० लाच काढून घेतला आहे. अशा मशीनला इंटरनेट जोडू नका, ते चित्रकला आणि टायपिंगला ठेवा. विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. तरी त्यातल्या डिफेंडरला, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसला, व्हायरसच्या नव्या याद्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहतील असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं आहे. म्हणजे शिकवण्यापुरतं ते मशीन चालेल. मात्र त्यावर शाळेचे लॉगिन आणि बँकेची कामं करू नका.

दुसरं काम दोन खाती करण्याचं. एक तुमचं, ॲडमिनिस्ट्रेटरचं, पासवर्डसह. दुसरं ‘विद्यार्थी’ नावाचं साधं खातं. सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट्स’, त्यात ‘अदर युजर्स’, तिथून नवं खातं जोडता येतं. मायक्रोसॉफ्टचा ईमेल नसला तरी चालतं. त्याच खिडकीत ‘या व्यक्तीची साइन-इन माहिती नाही’ अशा अर्थाची ओळ असते, ती निवडायची. नवं खातं आपोआप साधं म्हणजे ‘स्टँडर्ड’च तयार होतं. मुलं कायम याच खात्यात बसतील. कोणतंही सॉफ्टवेअर बसवायचं झालं की विंडोज तुमचा पासवर्ड मागेल आणि तो टाकायला तुम्हालाच उठून जावं लागेल. हा हेलपाटा कंटाळवाणा वाटतो, पण तो टाळू नका. पासवर्ड फळ्यावर किंवा मॉनिटरच्या मागे तर कधीच लिहू नका.

तिसरं काम घड्याळ तपासण्याचं. शाळेतली मशीन महिनोन् महिने बंद असतात, वीजही जात-येत असते. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला की मशीन दर वेळी जुनी कुठली तरी तारीख दाखवत सुरू होतं. तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळं उघडत नाहीत आणि अपडेटही अडकतं. आम्ही एका मशीनवर दोन दिवस इंटरनेटला दोष देत बसलो होतो, आणि दुखणं निघालं ते या सेलचं. सीआर २०३२ असा नंबर सांगितलात तर घड्याळाच्या दुकानातही तो मिळतो. बदलताना मशीनची पिन काढलेली असू द्या, आणि हे काम मुलांना देऊ नका.

चौथा प्रश्न, अँटिव्हायरस कोणता? विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, विंडोजमध्ये डिफेंडर आतच येतो. त्याला पैसे लागत नाहीत, आणि गावच्या प्राथमिक शाळेला तो पुरेसा आहे असं माझं अनुभवावरून मत झालं आहे. शाळेने किंवा एखाद्या देणगीदाराने विकतचा घेऊन दिला असेल तर तोही चांगला. पुण्याच्या क्विक हीलचं नाव मुलं दुकानांच्या पाट्यांवर वाचतात. कैलास आणि संजय काटकर या भावांनी हे काम पुण्यात उभं केलं आणि त्याची सुरुवात कॅल्क्युलेटर-संगणक दुरुस्तीच्या लहानशा दुकानातून झाली, हे मी वर्गात आवर्जून सांगते. व्हायरस पकडणारी माणसं आपल्याकडचीही असतात, हे ऐकून मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

मात्र एका मशीनवर एकच. विकतचा बसवला की डिफेंडर आपणहून बाजूला होतो. पण दोन विकतचे किंवा एक चालू आणि एक मुदत संपलेला असे एकत्र नांदवले तर दोघं एकमेकांच्याच फायली तपासत बसतात आणि मशीन रांगायला लागतं. जुना आधी सेटिंग्जमधल्या ‘ॲप्स’मधून काढायचा, मशीन बंद करून पुन्हा चालू करायचं, आणि मगच नवा घालायचा. कुणी ‘क्रॅक केलेला फुकट देतो’ म्हणालं तर घेऊ नका. कुलूप तोडून आणलेल्या पहारेकऱ्यावर भरवसा कसा ठेवायचा?

पहिला तास: संगणक न लावता

पहिल्या तासाला मी मुलांना लॅबमध्ये नेतच नाही. वर्गातच ‘जत्रेतला चोर’ खेळतो. जत्रेत पोलीस चौकीसमोर पाकीटमारांचे फोटो लावलेला फलक मुलांनी पाहिलेला असतो. एक मुलगा पोलीस होतो. त्याच्या हातात पाच चित्रांची पत्ती: लाल टोपीवाला, मिशीवाला, चष्मेवाली, असे. बाकीची मुलं कागदी टोप्या, मिशा लावून दारातून आत येतात. पत्तीतला चेहरा दिसला की पोलीस त्याला अडवून कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवतो.

दोन फेऱ्या झाल्या की लाल टोपीवाल्याला मी हळूच निळी टोपी घालते. तो सरळ आत येतो. वर्गात एकच गलका होतो, “बाई, तोच आहे, तोच आहे!” पण पोलिसाच्या पत्त्यांत निळी टोपी नाही. मग मी एक नवं चित्र त्याच्या हातात देते आणि पुढच्या फेरीत तो पकडला जातो. ते नवं चित्र म्हणजे अपडेट. ती कोपऱ्यातली खुर्ची म्हणजे क्वारंटाइन. हा शब्द घरी विचारून या, असं मी सांगते. करोनाच्या आठवणी निघतात आणि अर्थ पक्का बसतो.

एखादी चुणचुणीत मुलगी विचारतेच, की चित्र नसलं तरी दुसऱ्याच्या खिशात हात घालताना दिसला तर पोलिसाने पकडायला नको का? खरं आहे. आजचे अँटिव्हायरस नुसत्या यादीवर चालत नाहीत, प्रोग्रामची वागणूकही बघतात. तो प्रश्न आला की मी त्या मुलीलाच पुढच्या फेरीत पोलीस करते.

दुसरा तास: ढाल शोधणं

आता लॅब. एका मशीनवर दोघं. एक ‘चालक’, त्याच्या हातात माऊस. दुसरा ‘वाचक’, त्याचे हात मांडीवर. वाचकाने पडद्यावरची ओळ मोठ्याने वाचल्याशिवाय चालकाने क्लिक करायचं नाही. दहा मिनिटांनी अदलाबदल. या एका नियमावर माझा सगळा डोलारा उभा आहे, म्हणून तो मोडू देऊ नका. सुरुवातीला लॅबमध्ये बाजार भरल्यासारखा आवाज होतो, होऊ द्या.

मराठी माध्यमाच्या मुलांना पडद्यावरचं इंग्रजी जड जातं. त्यासाठी भिंतीवर मोठ्या अक्षरात बारा शब्दांचा तक्ता लावा: अपडेट, स्कॅन, इन्स्टॉल, नेक्स्ट, कॅन्सल, ॲक्सेप्ट, अलाऊ, ब्लॉक, रिमूव्ह, क्वारंटाइन, रीस्टार्ट, फिनिश. शब्द इंग्रजीत, शेजारी उच्चार आणि मराठी अर्थ. मुलं महिन्याभरात ते ओळखू लागतात. अलाऊ आणि ब्लॉक यांत गफलत होते, म्हणून त्या दोन शब्दांपुढे मी उघडं दार आणि बंद दार काढलं आहे.

पायऱ्या अशा. खाली उजव्या कोपऱ्यात, घड्याळाच्या शेजारी, ढालीची खूण शोधायची. दिसत नसेल तर वर तोंड केलेल्या छोट्या बाणावर क्लिक केलं की ती बाहेर येते. ढालीवर हिरवी खूण असेल तर ठीक. पिवळी किंवा लाल असेल तर बाईंना हाक मारायची. ढालीवर क्लिक केलं की ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडतं. त्यात ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’. तिथे मुलांकडून एकच गोष्ट वाचून घ्या, ‘लास्ट अपडेट’ पुढची तारीख. ती वहीत लिहायला लावा आणि आजच्या तारखेतून वजा करायला सांगा. वजाबाकीचा सरावही होतो, आणि आपलं मशीन सत्तेचाळीस दिवस उपाशी आहे हे स्वतः गणित करून काढलेल्या मुलाला पुढे काही समजावून सांगावं लागत नाही.

तिसरा तास: अपडेट

बसवण्याच्या आधी मी अपडेट शिकवते. बसवणं एकदाच होतं, अपडेट कायमचं असतं.

त्याच पानावर खाली ‘प्रोटेक्शन अपडेट्स’ अशी ओळ असते. तिच्यावर क्लिक केलं की ‘चेक फॉर अपडेट्स’चं बटण येतं. वाचक वाचतो, चालक दाबतो, आणि दोघं हात मागे घेऊन बसतात. इथे मुलांचा धीर सुटतो. पट्टी हलली नाही की बोटं पुन्हा पुन्हा बटण दाबतात. म्हणून पट्टी भरेपर्यंत दोघांनी मिळून तेराचा पाढा म्हणायचा, असं ठरवून दिलं आहे. अपडेट संपलं की नवी तारीख वहीत, जुन्या तारखेच्या खाली.

डिफेंडरच्या याद्या दिवसातून अनेकदा बदलतात आणि मशीन रोज इंटरनेटवर असेल तर त्या आपोआप येतात. पण आपल्या शाळांत मशीन आठवड्यातून दोनदा चालू होतं आणि इंटरनेट शिक्षकाच्या मोबाइलचं असतं. हॉटस्पॉट जोडला की विंडोजमध्ये तो ‘मीटर्ड’, म्हणजे डेटा मोजूनमापून वापरायचं इंटरनेट, म्हणून नोंदवलेला असू शकतो. मग विंडोजची मोठी अपडेट्स थांबून राहतात. आठ मशीन एकदम जोडू नका. दोन-दोन जोडा, नाहीतर दिवसाचा डेटा पहिल्या पंधरा मिनिटांत संपतो.

इंटरनेट अजिबातच नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर डिफेंडरची पूर्ण यादी एका फायलीत मिळते. तीत ३२ बिट आणि ६४ बिट असे वेगळे प्रकार आहेत, आपल्या मशीनचा बघून घ्या. घरून उतरवून पेनड्राइव्हवर आणायची आणि प्रत्येक मशीनवर चालवायची. शंभर एमबीच्या पुढे जाते, पण एका फायलीत सगळी लॅब होते. तो पेनड्राइव्ह या कामासाठी वेगळा ठेवा.

इथेच मुलांना दोन अपडेटमधला फरक सांगा. अँटिव्हायरसचं अपडेट म्हणजे चोरांचे नवे फोटो. विंडोजचं अपडेट म्हणजे घराच्या दाराची सैल झालेली कडी दुरुस्त करणं. दोन्ही लागतात. मी त्यांना २०१७ ची गोष्ट सांगते. त्या वर्षी १४ मार्चला मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या एका कडीची दुरुस्ती पाठवली. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा व्हायरस जगभर पसरला, नेमका त्याच कडीतून. फायलींना कुलूप लावून तो पैसे मागत होता. इंग्लंडमध्ये रुग्णालयांना ठरलेल्या तपासण्या आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. दुरुस्ती जवळजवळ दोन महिने आधी येऊन दारात उभी होती. एवढं ऐकल्यावर मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतंच, “मग त्यांनी घेतली का नाही, बाई?” त्या प्रश्नाचं उत्तर मुलांना आपापसात शोधू द्या. “वेळ नसेल”, “नेट नसेल”, “कुणी सांगितलं नसेल”, अशी जी उत्तरं येतात ती सगळी आपल्याच लॅबची असतात.

विंडोजची महिन्याची मोठी अपडेट्स दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात. आपल्याकडे तेव्हा रात्र असते. म्हणून त्यानंतरचा गुरुवार हा आमचा अपडेटचा वार. बंद करताना ‘अपडेट अँड शट डाउन’ आलं तर तेच निवडायचं आणि पडदा काळा होईपर्यंत वीज बंद करायची नाही. इन्व्हर्टर नसेल आणि वीज जाण्याची वेळ ठरलेली असेल, तर त्या तासाला हे काम काढूच नका.

चौथा तास: बसवणं

आधी कागदावर तालीम करा. विकतचा अँटिव्हायरस बसवताना एकामागून एक जितक्या खिडक्या येतात, त्या प्रत्येकीचा फोटो काढून छापा, कापा, मिसळा आणि मुलांना क्रमाने लावायला द्या. पाच मुलांच्या गटाला वीस मिनिटं पुरतात. मग प्रत्यक्ष काम एकाच मशीनवर, स्मार्ट टीव्हीला जोडून, सगळ्यांसमोर. प्रत्येक खिडकीला एक मूल उठून येतं, वाचतं, वर्गाला अर्थ सांगतं आणि मगच दाबतं.

सुरुवात फाईल कुठून घ्यायची इथून. सर्च केल्यावर सगळ्यात वर येणारा दुवा पुष्कळदा जाहिरातीचा असतो, ‘स्पॉन्सर्ड’ असं बारीक लिहिलेलं असतं. तो शब्द शोधायला लावा. कंपनीचं संकेतस्थळ खोक्यावर छापलेलं असतं, ते अक्षर अक्षर टाइप करायचं. डाउनलोडची तीन-चार हिरवी बटणं एकाच पानावर दिसली तर पान बंद.

फाईल उघडली की पडदा अंधारतो आणि ‘युजर अकाउंट कंट्रोल’ची खिडकी येते. इथे थांबा. या खिडकीवर मी पूर्ण दहा मिनिटं घालवते. ‘या ॲपला तुमच्या मशीनमध्ये बदल करू द्यायचे का?’ असं ती विचारते आणि खाली बनवणाऱ्याचं नाव सांगते. ‘व्हेरिफाइड पब्लिशर’ असेल आणि खोक्यावरच्या कंपनीशी नाव जुळत असेल तर पुढे. खिडकीची पट्टी पिवळी असेल आणि ‘अननोन’ लिहिलं असेल तर ‘नो’. दारावर अनोळखी माणूस आला तर आई-बाबा घरी नसताना आपण दार उघडतो का, एवढाच प्रश्न मी विचारते. जुळलं तर मी पासवर्ड टाकते, आणि मुलं मान वळवून उभी राहतात. पासवर्ड टाकणाऱ्याकडे बघायचं नाही, हाही धडाच आहे.

पुढे अटी मान्य करण्याची खिडकी येते. ती पूर्ण वाचणं मुलांच्या आवाक्यात नाही, पण ही अटींची खिडकी आहे आणि ती मान्य करण्याचा अधिकार मोठ्यांचा आहे, हे त्यांना सांगा. मग आधीच टिक केलेले चौकोन शोधण्याची शर्यत लावा. ‘सोबत हेही बसवा’ असं सुचवणारे ते चौकोन मोठ्यांच्या नजरेतून हमखास सुटतात. मुलं एकही सोडत नाहीत. प्रॉडक्ट की, म्हणजे परवान्याचा नंबर, एकाने वाचायची, दुसऱ्याने टाइप करायची, तिसऱ्याने ताडून बघायची. शून्य आणि इंग्रजी ‘ओ’ यांचा घोळ होतोच. नाव, ईमेल, फोन मागितला तर शाळेचा. मुलांचं नाव, जन्मतारीख, घरचा फोन कुठल्याही खिडकीत जाता कामा नये. ‘फिनिश’ आणि रीस्टार्ट झाल्यावर पहिलं काम पुन्हा अपडेट. कारण खोक्यातली यादी खोकं बनलं त्या दिवसाची असते. परवान्याची मुदत कधी संपते ती तारीख मोठ्या अक्षरात मशीनवर चिकटवा.

विकतचा नसेल तर हा तास वाया जात नाही. चित्रकलेचं किंवा टायपिंगचं एखादं मोफत सॉफ्टवेअर याच शिस्तीने बसवून घ्या. शिकायचं ते सगळं त्यात येतं.

पाचवा तास: पहारेकरी जागा आहे का?

मुलांना स्कॅन करायला आवडतं. ‘क्विक स्कॅन’ काही मिनिटांत होतं, ‘फुल स्कॅन’ला जुन्या मशीनवर तास-दोन तास लागू शकतात, म्हणून ते मधल्या सुट्टीआधी लावून द्या. पेनड्राइव्ह लावला की फायलींच्या खिडकीत त्याच्यावर राइट क्लिक, ‘स्कॅन विथ मायक्रोसॉफ्ट डिफेंडर’, आणि निकाल वाचून झाल्यावरच डबल क्लिक. पेनड्राइव्ह लावताच तो आपोआप उघडणारं सेटिंग्जमधलं ‘ऑटोप्ले’ बंद करून ठेवा. फोल्डरवर बाण दिसला तर हात वर. आमच्या लॅबच्या दारावर एका मुलीने बाण असलेल्या फोल्डरचं चित्र काढून खाली लिहिलं आहे, ‘हा फोल्डर नाही.’

पहारेकरी खरंच काम करतोय हे दाखवायला एक चाचणी-फाईल आहे, आयकार नावाची. आयकार ही युरोपातली अँटिव्हायरस संशोधकांची संस्था. फाईल म्हणजे फक्त ६८ अक्षरांची एक ओळ, जिने कुणाचं काही बिघडत नाही. पण जगातल्या अँटिव्हायरसांनी तिला व्हायरस मानून पकडायचं असं ठरलेलं आहे. ओळ आयकारच्या संकेतस्थळावर मिळते. नोटपॅडमध्ये लिहून सेव्ह केली की थोड्या वेळात डिफेंडर सूचना देतो आणि फाईल गायब होते. हाताने लिहीत असाल तर सांभाळा, तिसरं अक्षर कॅपिटल ‘ओ’ आहे, शून्य नाही. चुकलं तर डिफेंडर गप्प बसेल आणि तुम्हाला वाटेल तोच झोपला आहे. हे शिक्षकाने स्वतः, एकाच मशीनवर करायचं. नंतर ‘प्रोटेक्शन हिस्टरी’ उघडून पकडलेल्याची नोंद मुलांना वाचायला द्या.

याच तासाला खोट्या सूचनांची ओळख. ‘तुमच्या संगणकात पाच व्हायरस सापडले, ताबडतोब या नंबरवर फोन करा’ अशी लाल खिडकी भोंगा वाजवत ब्राउझरमध्ये येते. खरा अँटिव्हायरस फोन करायला सांगत नाही. मुलांना तीन गोष्टी सांगा: काही दाबायचं नाही, नंबर लावायचा नाही, मोठ्यांना बोलवायचं. तुम्ही ऑल्ट आणि एफ४ एकत्र दाबून ब्राउझर बंद करा. घाबरून हाक मारणाऱ्या मुलाला रागावू नका. एकदा रागावलात तर पुढच्या वेळी ते मूल गुपचूप ‘ओके’ दाबून मोकळं होईल. आमच्या पेनड्राइव्हच्या वेळी त्या मुलाने हाक मारली होती, मीच ‘थांब जरा’ म्हणून हजेरी पुरी करत बसले होते.

पुढे चालू ठेवण्यासाठी

शालेय मंत्रिमंडळात आम्ही ‘संगणकमंत्री’ हे एक पद वाढवलं. भिंतीवर तक्ता आहे: मशीन नंबर, अपडेटची तारीख, स्कॅन, जोडीची नावं. दर गुरुवारी संगणकमंत्री तो भरून घेतो आणि शुक्रवारच्या परिपाठात वाचून दाखवतो. कोणतं मशीन मागे आहे हे सगळ्या शाळेला कळतं, आणि मग मला कुणाला आठवण करावी लागत नाही.

काही अडलंच तर सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र आहे. सर्ट-इन या संगणक-सुरक्षेच्या सरकारी संस्थेमार्फत ते २०१७ मध्ये सुरू झालं आणि मशीन साफ करण्याची साधनं त्याच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. पैशांची फसवणूक झाली असेल तर १९३० हा मदत क्रमांक. तो पालकसभेत फळ्यावर लिहून ठेवा.

पालकसभेचं नाव निघालं म्हणून सांगते, आमच्या बहुतेक घरांत संगणक नाही, मोबाइल आहे. म्हणून शेवटचा गृहपाठ मोबाइलचा असतो. घरच्या मोठ्या माणसाला शेजारी बसवून प्ले स्टोअर उघडायचं, वरच्या कोपऱ्यातल्या खात्याच्या चित्रावर बोट ठेवायचं, ‘प्ले प्रोटेक्ट’मध्ये जायचं आणि ‘स्कॅन’ करायचं. आणि व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका, गाडीचा दंड किंवा शेतकरी योजनेचा अर्ज म्हणून आलेल्या फायलीच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही अक्षरं आहेत का ते बघायचं. असतील तर ती पत्रिका नाही, ॲप आहे. ते बसलं की बँकेचे ओटीपी वाचू शकतं. गेल्या वर्षी चौथीतल्या एका मुलीने आजोबांच्या हातातून मोबाइल घेतला आणि म्हणाली, “आप्पा, आधी वाचा, मग दाबा.” आजोबा दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन मला ते सांगून गेले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत लॅबला दीड महिना कुलूप असतं. जूनमध्ये शाळा भरली की पहिल्या तासाला पेनड्राइव्ह कुणी काढायचा नाही, गेम कुणी उघडायचा नाही. आधी घड्याळ बघायचं, मग ढाल, मग ‘चेक फॉर अपडेट्स’. दीड महिन्यांचं अपडेट उतरायला वेळ लागतो, म्हणून त्या दिवशी तेराच्या पाढ्यानंतर चौदाचा, पंधराचा असे म्हणत जायचे. मागच्या जूनमध्ये तीन नंबरची जोडी एकोणतीसच्या पाढ्यापर्यंत पोचली होती.